अडवलेला प्रवासी : मराठी प्रवासलेखनातील तक्रारीचा इतिहास

परदेशस्थ मराठी माणसाने विमानतळावरील हालांविषयी लिहिलेला लेख हा आता आपल्या दिवाळी अंकांचा, मंडळांच्या स्मरणिकांचा आणि रविवार पुरवण्यांचा ठरलेला ऐवज झाला आहे. त्यातील प्रसंगही ठरलेले असतात. कनेक्टिंग फ्लाइट चुकते, बॅग भलत्याच खंडात जाते, तपासनीस लोणच्याची बरणी हातात धरून ‘हे काय आहे?’ असे विचारतो, इमिग्रेशनच्या खिडकीमागचा अधिकारी आडनावाची मोडतोड करतो, आणि अखेर लेखक पहाटे तीन वाजता लोखंडी खुर्चीवर कोट पांघरून झोपतो. समीक्षकांनी या लेखनाकडे फारसे पाहिलेले नाही. प्रवासवर्णनाच्या अभ्यासात ते बसत नाही, कारण त्यात स्थलवर्णन नसते. ललित निबंधातही बसत नाही, कारण त्यात चिंतनापेक्षा चिडचीड अधिक असते. सुखवस्तू माणसाची कुरकुर म्हणून ते बाजूला ठेवले जाते.

प्रस्तुत लेखात या कुरकुरीकडे इतिहासाच्या अंगाने पाहायचे आहे. तक्रार ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. तक्रार करण्यासाठी माणसाच्या मनात आधी एक अपेक्षा असावी लागते : आपल्याला सोडले जाईल, नीट वागवले जाईल, आपले सामान आपल्या हाती मिळेल. ज्याला ही अपेक्षाच नसते तो सोसतो, वळसा घालतो किंवा खोटे नाव सांगतो. तक्रार करत नाही. म्हणून मराठी प्रवाशाच्या तक्रारींचा इतिहास हा त्याच्या अपेक्षांचाही इतिहास ठरतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात मराठी शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा इतिहास विशेष जवळचा वाटतो. ज्या जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक म्हणजे दीर्घकाळ एकटे वडसा-देसाईगंज होते आणि विमान गाठायचे तर नागपूरशिवाय गत्यंतर नव्हते, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विमानतळाचा वैताग कसा शिकवायचा, हा प्रश्न आमच्यापुढे दरवर्षी उभा राहतो.

दार घरचेच होते तेव्हा

मराठी माणसाच्या परदेशगमनाच्या पहिल्या टप्प्यात अडवणूक परक्या देशाच्या दारात होत नसे, ती स्वतःच्या गावाच्या वेशीवर होई. रघुनाथरावाने इंग्लंडच्या दरबारी आपली बाजू मांडण्यासाठी वकील पाठवले. हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबतचे दोन पारशी १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी आश्रय दिला. हनुमंतरावाला सोवळ्याने राहता यावे, स्वतःचे अन्न स्वतः शिजवता यावे म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. म्हणजे त्या काळच्या इंग्लंडने त्याचा आचार सांभाळण्याची सोय केली होती. परत आल्यावर मात्र त्याला सोन्याच्या योनीतून बाहेर पडण्याचा विधी करून नव्याने ‘जन्म’ घ्यावा लागला, अशी नोंद आहे. मराठी माणसाचे हे बहुधा पहिले कडक ‘आगमन-तपासणी’चे प्रकरण. त्यात तपासणारे अधिकारी आपलेच होते, आणि तपासायचे होते ते सामान नसून शरीर होते.

पुढे शंभर वर्षांनी, १८८३ मध्ये, दोन मराठी स्त्रिया एकाच महिन्यात समुद्रापार निघाल्या. आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाई त्याच एप्रिलमध्ये मुंबईहून इंग्लंडला गेल्या. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जे भाषण केले, त्यात लोक आपल्याला विचारतात ते प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. परत आल्यावर तुम्हाला वाळीत टाकतील, त्याचे काय, हा त्यांपैकी एक प्रश्न होता. अठराव्या वर्षाला जेमतेम पोचलेल्या मुलीने, अजून बोटीत पाऊलही ठेवलेले नसताना, परतीच्या दाराचा विचार करून ठेवावा लागतो, यातच त्या काळाचे सारे प्रवासशास्त्र सामावलेले आहे. रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले पत्ररूप पुस्तक आणि १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ यांचा सूर वेगळा आहे. बोटीवरील गैरसोयी रमाबाईंना दिसतात. पण त्या गैरसोयींपेक्षा, एका बाईला एकटीने प्रवास करता येतो ही गोष्टच त्यांना मोठी वाटते. अपेक्षा थोडी असली की तक्रारही थोडी असते.

या काळातील आणखी एक पुस्तक इथे आठवावे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला, पण त्यातील प्रवास १८५७ च्या धामधुमीतला. त्यात लूट आहे, उपासमार आहे, सैनिकांच्या तावडीत सापडणे आहे. तरीही आजच्या अर्थाने तक्रार त्यात क्वचितच सापडते. संकटे येणारच, हे गृहीत धरूनच भटजी घराबाहेर पडले होते. रस्ता सुरक्षित असावा ही जबाबदारी कोणा एका सत्तेची आहे, अशी कल्पनाच त्यांच्या मनात नव्हती. मग दोष द्यायचा कोणाला? तक्रारीला एक पत्ता लागतो. तो पत्ता पुढच्या टप्प्यात तयार झाला.

दार कागदाचे झाले

पहिल्या महायुद्धापर्यंत समुद्रप्रवासाला पारपत्र सर्वत्र सक्तीचे नव्हते. युद्धकाळात, १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याच्या आधारे, ते हिंदुस्थानात आवश्यक झाले आणि १९२० च्या कायद्याने व्यवस्थेत कायमचे बसले. या नव्या कागदाचा पहिला मोठा मराठी अनुभव लोकमान्य टिळकांच्या वाट्याला आला. होमरूलची मागणी इंग्लंडमध्ये मांडण्यासाठी १९१८ च्या वसंतात टिळक, न. चिं. केळकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल आदी मंडळी निघाली. मद्रासमार्गे ती कोलंबोपर्यंत पोचली. हाती पारपत्रे होती. पण एप्रिलमध्ये कोलंबोतच ती पारपत्रे लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाच्या हुकुमाने रद्द करण्यात आली आणि सर्वांना मागे फिरावे लागले.

हा प्रसंग राजकीय इतिहासात एका वाक्यात आटोपतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र इथे थांबायला हवे. कागद खरा होता, तो सरकारनेच दिला होता, आणि तरीही मध्येच कोणा दूरच्या कचेरीने तो निरर्थक ठरवला. आजच्या प्रवाशाला बोर्डिंग गेटशी अडवून ‘तुमच्या व्हिसाबद्दल वरून निरोप आला आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याला जे हतबलपण येते, त्याचा पूर्वज कोलंबोच्या धक्क्यावर उभा आहे. टिळक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अखेर निघाले, तेही व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी, आणि राजकीय भाषणे न करण्याच्या अटीवर. प्रवासाचे ‘कारण’ कोणते सांगायचे आणि कोणते सांगायचे नाही, हे आजही खिडकीपुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. टिळकांच्या संतापाला पत्ता होता. सरकारने आपल्याला अडवले, हे ते सभेत सांगू शकत होते, वर्तमानपत्रात छापू शकत होते. हनुमंतरावाला हे शक्य नव्हते; त्याला अडवणारे त्याचे सोयरेच होते. सरकार परके असले की तक्रार सार्वजनिक होते. अडवणारा आपला असला की ती गिळली जाते. मराठीतील एका महत्त्वाच्या पुस्तिकेकडे याच मुद्द्यावरून वळावे लागते.

‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठ आणि पुढे लंडन असे शिक्षण चालू असताना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. ती दुसरी बोट टॉर्पेडोने बुडाली. हरवलेल्या सामानाच्या असंख्य कथा परदेशस्थांच्या लेखांत असतात. मराठी माणसाच्या हरवलेल्या सामानात याहून मोलाचे काही आमच्या माहितीत नाही. त्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून काही रक्कम त्यांना मिळाली, एवढीच त्या व्यवहाराची अखेर.

पण बाबासाहेबांनी आपल्या प्रवासाची जी कैफियत लिहिली, तिच्यात बुडालेल्या बोटीला स्थान नाही. १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेले आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लेखन परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिलेले आहे. शीर्षकात व्हिसा आहे. आत कोठेही समुद्रापारचा व्हिसा नाही. आहेत ती मसूर, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद अशी घराजवळची नावे.

१९०१ मध्ये मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर विचारपूस करतो; जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही, म्हणून मुलांनीच ती हाकायची असे ठरते. वाटेत रात्री टोलनाका लागतो. तिथे पाणी मागायचे तर आपण मुसलमान आहोत असे सांगा, हा सल्ला गाडीवान देतो. मुले तसे सांगतात, पण पाणी मिळत नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा नाक्यावर उभा राहून खोटी ओळख सांगतो आणि समोरचा माणूस त्याच्याकडे नीट पाहतही नाही : सीमातपासणीचा इतका उघडा प्रसंग मराठी मुलुखातील कोणत्याही विमानतळ-लेखात नाही.

बडोद्याचा प्रसंग तर थेट परदेशातून परतलेल्या माणसाचा आहे. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे बाबासाहेब सांगतात. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर जायचे कोठे, या प्रश्नाने तो विसर मोडला. पारश्यांच्या एका वसतिगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये खऱ्या नावाने राहिलेला माणूस संस्थानच्या नोकरीसाठी स्वतःच्या देशात परतल्यावर खोट्या नावाने राहतो आणि तिथूनही हाकलला जातो. ‘व्हिसा’ हा शब्द देशाच्या सीमेवरून उचलून गावाच्या विहिरीवर आणि धर्मशाळेच्या दारावर आणून ठेवण्याचे काम या शीर्षकाने केले. आमच्या मते मराठी मुलुखातून आलेल्या प्रवासलेखनातील हे सर्वांत मोठे अर्थांतर आहे. परदेशस्थाच्या तक्रारलेखाचे आणि या पुस्तिकेचे वजन एक नाही, हे सांगायला नको. तरीही दोन्ही एकाच तासाला वाचल्याखेरीज पहिल्याचा अर्थ पुरता लागत नाही.

विमानाचे दिवस

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली : मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या दिशेला परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा नागपूरला मिळालेला मान होता. पत्रे नागपुरात विमान बदलत. विदर्भातील माणसे अजून एस.टी. आणि पॅसेंजर गाडी बदलत होती.

याच सुमारास मराठी प्रवासवर्णन बहरले. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) ही नावे अभ्यासक्रमातूनच आपल्याला परिचित आहेत. या लेखकांचा परदेशाशी असलेला संबंध पाहुण्याचा आहे. पाहुणा गैरसोयीची गंमत करतो, कारण त्याला परत जायचे असते. पुलंनी स्वतःच्या बावळटपणाला विनोदाचे केंद्र केले आणि त्यामुळे परक्या देशातील संकोच घरी सांगण्याजोगा झाला. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी विमानतळाविषयी लिहिताना हाच सूर उचलला. हा वारसा मोठा आहे. पण त्याने एक अडचणही करून ठेवली. जो पाहुणा नाही, जो त्या देशात कर भरतो, घर घेतो, मुले वाढवतो, त्याला खिडकीपुढे जे वाटते ते पाहुण्याच्या विनोदात मावत नाही. तरी तो पाहुण्याच्याच सुरात लिहितो. त्यामुळे या लेखांत हसू आणि अपमान यांचा जो बेबनाव जाणवतो, तो लेखकाच्या कौशल्याच्या अभावाइतकाच परंपरेच्या मर्यादेतून आलेला आहे.

अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने आशियाई शिक्षितांना दार उघडले. त्याच दशकात भारतात आपल्या बाजूचे दारही न्यायालयात तपासले गेले. पारपत्र देणे ही सरकारची मर्जी आहे, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात नाकारली. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्र कायदा आला आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक पक्के केले. हातात मात्र परकीय चलन मोजकेच मिळे; ‘आठ डॉलर घेऊन आलो’ हे वाक्य त्या पिढीच्या आठवणींत इतक्यांदा येते की ते जवळजवळ ध्रुवपद झाले आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. परदेशस्थ मराठी माणूस हा लेखक आणि वाचक म्हणून तेव्हापासून संघटित झाला.

याच काळातील आणखी एक कायदा साहित्यचर्चेत कधी येत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने कमी शिकलेल्या कामगाराला ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक केली. शिक्षणाची अट वेळोवेळी बदलली आणि पुढे दहावीवर स्थिरावली. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य करावे लागेल. आखाती देशांतील फसवणुकीच्या कथा खोट्या नव्हत्या. पण परिणाम असा झाला की एकाच देशाच्या पारपत्रात दोन प्रकारचे नागरिक नोंदले गेले. विमानतळावरील तक्रारलेख लिहिणारा जवळजवळ नेहमी दहावीच्या पुढचा असतो. ज्याला आपल्याच विमानतळावर शिक्का नसल्यामुळे मागे धाडले गेले, त्याचा लेख मराठीत आम्ही तरी वाचलेला नाही.

बूट, बाटली आणि नाव

११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळ बदलला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवून आणली आणि बूट संशयित झाले; ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघडकीस आला आणि शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली संशयित झाली. अमेरिकेने बूट काढण्याची सरसकट सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवली. म्हणजे एका माणसाच्या बुटाने कोट्यवधी लोकांना दोन दशके अनवाणी चालवले. परदेशस्थ मराठी लेखाचा आजचा साचा याच वर्षांत घडला. त्यातील तीन प्रसंगांकडे थोडे बारकाईने पाहू.

पहिला, लोणच्याची बरणी. तपासनीसाच्या दृष्टीने तो द्रव असतो, लेखकाच्या दृष्टीने आई. बरणी टाकून द्यावी लागते तेव्हा लेखात एकाएकी कारुण्य येते आणि ते सहसा खरे असते. सुरक्षेच्या नियमाला वस्तूचे आकारमान कळते, नाते कळत नाही, एवढेच तिथे म्हणायचे असते. पण लेखक बहुधा विनोद करून पुढे सरकतो.

दुसरा, आईवडिलांचा प्रवास. मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच परदेशी निघालेली आई इंग्रजी बोलू शकत नाही. पाय ठणठणीत असूनही तिच्यासाठी चाकाच्या खुर्चीची नोंदणी केली जाते, कारण खुर्ची ढकलणारा माणूस वाट दाखवतो आणि खिडकीपुढे बोलतो. भाषेचे अपंगत्व शरीराच्या अपंगत्वाच्या खात्यात मांडून सोय करून घेण्याची ही युक्ती आहे. मराठीच्या अध्यापकाला या एका युक्तीवर तासभर बोलता येईल. आयुष्यभर जिने घर, शेत, बाजार आपल्या भाषेत निभावले, ती बाई एका इमारतीत शिरताच पांगळी ठरते.

तिसरा प्रसंग नावाचा. मराठी नावात स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव अशी तीन पदे. यंत्राला हवी असतात दोन. लग्नाने बदललेले नाव, तिकिटावर गळलेले मधले नाव, आडनावाच्या जागी आलेले वडिलांचे नाव यांवरून होणारी अडवणूक परदेशस्थांच्या लेखांत वारंवार येते. आमच्या भागात हा प्रश्न विमानतळाच्या कितीतरी आधी सुरू होतो. आत्राम हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना एका दाखल्यावर एक ‘ए’ असतो, दुसऱ्यावर दोन. माडिया किंवा गोंडी नाव शाळेच्या नोंदवहीत जसे ऐकू आले तसे उतरते, आणि तीच नोंद पुढे जातीच्या दाखल्यापासून आधारपर्यंत त्या मुलाचा पाठलाग करते. शिष्यवृत्तीच्या अर्जाशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला विमानतळावरील नावाचा गोंधळ समजावून सांगावा लागत नाही. तो परदेशस्थ लेखकाहून त्या खिडकीच्या अधिक जवळ उभा असतो, फक्त खिडकी तहसील कचेरीची असते.

जंगलातील नाके

या प्रदेशाला प्रवाशाच्या अडवणुकीचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो उलट दिशेनेही वाचता येतो. १७९५ मध्ये कंपनीचा अधिकारी कॅप्टन ब्लंट चुनारहून गोदावरीच्या मुखाकडील मुलुखापर्यंत वाट शोधत निघाला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातील छत्तीसगड आणि वैरागडचा टापू ओलांडून तो दक्षिणेला सरकला. बस्तरच्या बाजूच्या जंगलात गोंडांनी त्याच्या तुकडीला वाट नाकारली, झटापटही झाली. त्याच्या वृत्तांतात परक्या देशातील प्रवाशाची सगळी चिडचीड आहे : वाटाडे पळतात, माहिती खोटी मिळते, धान्य मिळत नाही, कोणी नीट उत्तर देत नाही. ‘परदेशी प्रवासाचा वैताग’ या विषयावरील हा आपल्या प्रदेशातील जुना दस्तऐवज म्हणता येईल; त्यात परदेश आपण आहोत. गोंडांनी त्याला का अडवले, हे त्याने लिहिले ते त्याच्या बाजूने. नकाशा काढायला आलेल्या माणसाच्या मागून काय येते, हे अडवणाऱ्यांना कदाचित त्याच्याहून चांगले कळत होते.

त्यानंतर या जंगलातील नाके बदलत गेले. वनखात्याचा नाका आला; बांबू कोठून आणला, तेंदूपाने कोणाची, असे तो विचारू लागला. १९८० नंतरच्या दशकांत रस्त्यावर पोलीस आणि जंगलात नक्षलवादी, दोघेही तेच तीन प्रश्न विचारू लागले : कुठून आलास, कोणाकडे चाललास, कशासाठी? जगातील कोणत्याही इमिग्रेशनच्या खिडकीवर हेच तीन प्रश्न असतात. तिथे चुकीच्या उत्तराने विमान चुकते. इथे काय काय चुकू शकते, हे भामरागड-एटापल्लीकडील वाचकांना सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. रुग्णाला नदी उतरेपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्यावर कोणी विनोदी लेख लिहिल्याचे आठवत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीतील अनेक मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात होते. त्यांतील कित्येक जण कुटुंबासह पायी निघाले. राज्याची सीमा, जिल्ह्याची सीमा, गावाची वेस, अशी दारे एकापाठोपाठ बंद होती; अनेक गावांनी आपल्याच माणसांना वेशीबाहेर शाळेत ठेवले. त्याच आठवड्यांत जगभरच्या विमानतळांवर अडकलेल्या परदेशस्थांचे हाल वृत्तपत्रांत सविस्तर छापून आले. ते हाल खरे होते आणि ते छापले जायलाच हवे होते. पण मिरची तोडून परतणाऱ्याने प्राणहितेच्या अलीकडे काय पाहिले, हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याकडे फारच थोडे आहे. हनुमंतरावाच्या गप्पपणाची आणि टिळकांच्या जाहीर निषेधाची जी दोन टोके वर पाहिली, ती इथे पुन्हा दिसतात.

वाचायचे कसे?

यावरून परदेशस्थांच्या लेखांना नावे ठेवण्याचा मोह होईल. तो टाळावा. ज्याने अपमान शब्दांत मांडला त्याला, दुसऱ्या कोणी मांडला नाही म्हणून दोषी धरता येत नाही. उलट, त्याचा लेख आपल्याला एक उपयुक्त गोष्ट दाखवतो : शिकलेला, सुस्थित, कायदा पाळणारा माणूसही खिडकीपुढे उभा राहिला की काही मिनिटांपुरता संशयित होतो, आणि त्या काही मिनिटांत त्याला आपली भाषा, नाव, कपडे, आईच्या हातचा खाऊ, सगळ्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. हा अनुभव त्याला नवा असतो म्हणून तो लिहितो. ज्यांना तो जन्मापासून रोजचा आहे त्यांना तो लिहिण्याजोगा वाटत नाही. पहिल्याचे नवखेपण आणि दुसऱ्याचे सरावलेपण एकाच व्यवस्थेची साक्ष देतात.

वर्गात असा लेख शिकवताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत. हा माणूस चिडला आहे तो कोणती अपेक्षा मोडली म्हणून? आणि ती अपेक्षा त्याला कोठून मिळाली : जातीतून, शिक्षणातून, पैशातून, की राज्यघटनेने दिलेल्या हक्कातून? पहिल्या प्रश्नाने लेख कळतो, दुसऱ्याने लेखक. यांतील शेवटची अपेक्षा तेवढी सर्वांना सारखी वाटून दिलेली आहे, निदान कागदावर. ती खरोखर प्रत्येकाच्या मनात रुजली, तर तक्रारलेखांची संख्या वाढेल, आणि त्यांत भामरागडचे, सिरोंचाचे, एटापल्लीचे लेखही असतील. आम्हा शिक्षकांना ती वाढ हवी आहे.

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. १४ तारखेच्या दीक्षासोहळ्यानंतर, १६ ऑक्टोबरला, ते मोटारीने चंद्रपूरला आले आणि इथल्या मोठ्या जनसमुदायाला त्यांनी धम्मदीक्षा दिली. जमलेल्या लोकांपैकी कोणाला तिकीट, परवाना वा दाखला विचारला गेला नव्हता. सोनेगावच्या त्या विमानतळाला २००५ मध्ये बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. आमच्या जिल्ह्यांतून जो कोणी विमानाने परदेशी जातो तो बहुधा तिथूनच पहिले उड्डाण घेतो. दारावर ज्याचे नाव आहे, त्या माणसाने मसूर ते दौलताबाद कशाची वाट पाहिली होती, हे त्या प्रवाशाला ठाऊक असेल, तर पुढच्या विमानतळावरील रांगेत त्याला राग येईल तेव्हा तो एकट्याचा राहणार नाही.